परळची खोली राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

जळगावच्या एका दुकानदार वाचकाने विचारलंय, बायकोची केमो टाटा हॉस्पिटलला सुरू झालीये, तर परळला २५ हजाराची खोली सहा महिने घ्यावी की येऊन-जाऊन करावं? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की ८ लाखांची एफडी सुटली, त्यातले २ लाख बँकेतल्या साहेबांनी 'वहिनींच्या उपचाराला कामी येतील' म्हणून विम्याच्या गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकले, पॉलिसी गेल्या आठवड्यात घरी आली.

दादा, खरा प्रश्न हा आहे! या प्लॅनमध्ये वर्षाला २ लाख, दहा वर्षं, म्हणजे २० लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर ३० लाख मिळणार. हिशेब केला तर वर्षाला जेमतेम ४ टक्के. उपचार आत्ता चाललाय, पैसे पंधरा वर्षांनी, मग कामी कसे येणार? त्यात दुकान अर्धा वेळ बंद, पुढच्या वर्षीचे २ लाख कुठून आणणार? मध्येच थांबलात तर भरलेल्यातला मोठा भाग जातो. कॅन्सर पेशंटच्या घरात हे विकणाऱ्याला काही वाटलं कसं नाही.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, याला फ्री लूक म्हणतात. थोडेफार स्टॅम्प ड्युटी, मेडिकलचे वगैरे कापून बाकी सगळे परत. उद्याच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, साहेब 'बघू' म्हणाले तरी तोंडी काही ऐकू नका, कंपनीने टाळाटाळ केली तर विमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका. आलेले पैसे सेव्हिंगमध्ये किंवा छोट्या एफडीत ठेवा, कधीही मोडता येतील असे.

आता खोली. भाडंच दीड लाख, वर डिपॉझिट. केमो दर २१ दिवसांनी असेल तर ती बरेच दिवस रिकामी राहणार. रेडिएशन मात्र आठवड्याचे पाच दिवस असतं, तेव्हा तिथे राहावंच लागतं. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणांची चिठ्ठी, सरकारी मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेत बसतं का, रेल्वे सवलतीचा फॉर्म, सगळं तिथेच विचारा. स्लीपर आणि थ्री टियर एसीत पेशंटचं तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. केमोनंतर रक्तातल्या पेशी खाली गेल्या असतील तर गर्दीचा प्रवास डॉक्टरांना विचारूनच, आणि केमोच्या पुढच्या सायकल (फेऱ्या) जळगावजवळ कुठे देता येतील का तेही विचारा. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं किंवा रेडिएशन लागलं, आणि धर्मशाळेतही जागा मिळाली नाही, तरच तेवढ्यापुरती महिना-दीड महिना खोली घ्या.