जीपीएस नव्हतं तेव्हा चांगथांगचा नकाशा कसा काढला?

प्रश्न : तिबेटच्या चांगथांग पठारावर ना झाडं ना गावं, मग जुन्या लोकांनी तिथली अंतरं आणि उंची मोजली तरी कशी?

उत्तर : चालत चालत! 1874 मध्ये कुमाऊंचे नैनसिंह रावत वेष बदलून लेहहून निघाले आणि हे पठार ओलांडून ल्हासाला पोचले, कारण ज्यांच्यासाठी ते काम करत, त्या ब्रिटिश सर्व्हेवाल्यांना तिबेटात उघड जाता येत नव्हतं. एकसारखं पाऊल टाकायचं ट्रेनिंगच त्यांना दिलेलं, आणि जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं, साधारण पाच मैल. बघणाऱ्याला वाटणार जप चाललाय. नोंदी प्रार्थनाचक्रात, म्हणजे बौद्ध लोक हातात फिरवतात त्या पोकळ चक्रात, लपवायच्या.

उंचीसाठी पाणी उकळायचं. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे साडेचार हजार मीटरवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं, थर्मामीटर वाचला की उंचीचा अंदाज मिळतो. पण हवामान बदललं की दाबही बदलतो, म्हणून थोडा फरक राहतोच. अक्षांश काढायला भांड्यात पारा ओतायचा, त्यात ताऱ्याचं प्रतिबिंब पकडून सेक्स्टंटने (कोन मोजायचं यंत्र) कोन घ्यायचा. त्या गारठ्यात, वाऱ्यात, रात्री, तेही कुणाला न दिसता!

यातून मिळाला तो वाटेचा नकाशा, आजच्यासारख्या कंटूर रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नाही. पण कोरड्या स्वच्छ हवेत लांबची शिखरं दिसतात, दोन ठिकाणांहून कंपासने दिशा घेतली की शिखराची जागा कळते. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं, आपल्या शाळेच्या पुस्तकात हा माणूस खरंच यायला हवा.