कोकणात गुलाब मागवायचा तर फुलाआधी पान बघा

ताई, गुहागरच्या घरासाठी सहा गुलाब ऑनलाईन मागवायचे म्हणता. यादीत ‘पीस’ आणि ‘डबल डिलाइट’ या जाती आणि बाकी सगळे पिवळे-केशरी. शिवाय ‘पाऊस चालू आहे तोवर लावले तर पटकन धरतील ना?’ असंही विचारलंय. त्याचं उत्तर आधी सांगते: आत्ता काहीही मागवू नका. आंबा-काजूची कलमं आपण मृगात लावतो, ती सवय गुलाबाला लागू नाही. नवी मुळं सुटायच्या आधीच रोपाची पानं जातात आणि रोप उभ्या पावसात सडतं. दसरा होऊ दे, पावसाची उघडीप होऊ दे, मग ऑर्डर करा. तिथपासून जानेवारीपर्यंत चांगला काळ असतो. मार्चनंतर पुन्हा नको, उन्हाळ्यात पार्सलच आतून शिजून येतं.

आता यादीबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्याकडे गुलाब जातो तो बहुतेक वेळा काळ्या ठिपक्यांच्या बुरशीने. पानावर फाटक्या कडांचा काळा डाग पडतो, भोवती पिवळं पडत जातं आणि देठाला नुसता हात लागला तरी पान गळतं. या बुरशीला रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं लागतं. घाटावर तसं अधूनमधून होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पान सुकतं कधी? पानं गेलेलं झाड फांदीतला साठा खर्चून पुन्हा पालवतं, ती पालवीही गळते, आणि मग फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली मरत येते. म्हणून मी तरी फुलाचा फोटो शेवटी बघते. श्रावणात पानं टिकवणारं झाडच दिवाळीनंतर फुलतं.

आणि पिवळे-केशरी गुलाब नेमके इथेच कमी पडतात. जुन्या युरोपीय बागेतल्या गुलाबांत गडद पिवळा रंग नव्हताच. फ्रान्सच्या पेर्ने-दुशे यांनी इराणकडच्या पिवळ्या गुलाबाशी संकर करून १९०० साली ‘सोलेई दॉर’ बाजारात आणला, आणि तिथून पिवळा, केशरी, दोन रंगांचा असे सगळे प्रकार फुटले. तो मूळ पिवळा गुलाब कोरड्या मुलखातला, काळ्या ठिपक्यांपुढे अगदी दुबळा. रंगाबरोबर तो दुबळेपणाही संकरांत उतरला. तुमच्या यादीतल्या पीसमध्ये हेच रक्त आहे, आणि डबल डिलाइट पीसची नात लागते. डबल डिलाइटचा वास सुरेख, मला फार आवडतो. पण हा गुलाब उघड्या अंगणात नको. हवाच असेल तर एक कुंडीत लावा आणि पावसाळ्यात कुंडी पडवीच्या कडेला, ऊन येईल पण पागोळ्या पानांवर पडणार नाहीत अशी ठेवा.

अंगणात लावायचे तर जुने चिनी गुलाब आणि त्यांच्या कुळातले घ्या. ‘ओल्ड ब्लश’ गुलाबी, फुलं लहान आणि सैल, पण उष्ण हवेत जवळजवळ वर्षभर येतात. ‘म्युटॅबिलिस’ची फुलं एकेरी पाकळ्यांची, उमलताना पिवळसर आणि जाताना किरमिजी. एडवर्ड गुलाब तर हवाच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बूर्बाँ बेटावरून, म्हणजे आजच्या रियुनियनवरून, जगभर गेलेलं हे कूळ. वास भरपूर, देवाला होतो, गुलकंदालाही होतो. कोडाईकनालचे विरराघवन यांनी उष्ण हवेसाठी मुद्दाम गुलाब तयार केलेत. त्यासाठी त्यांनी बंगालकडच्या ओल्या, पाणथळ जमिनीत वाढणारा आपला देशी रोझा क्लिनोफायला वापरला. यादीत त्यांचं नाव दिसलं तर तो गुलाब सोडू नका.

निळ्या आणि सप्तरंगी गुलाबाच्या बियांच्या जाहिराती सरळ सोडून द्या. सप्तरंगी फूल म्हणजे देठ चिरून रंगाच्या पाण्यात ठेवलेलं पांढरं फूल. आणि संकरित गुलाब बियांपासून आईसारखा येत नाही.

विकणाऱ्याला फोन करून दोन गोष्टी विचारा. एक, डोळा कुठल्या खुंटावर भरलाय? (खुंट म्हणजे मुळांसाठी घेतलेलं रानगुलाबाचं रोप, हव्या जातीचा डोळा त्यावर बसवतात.) आपल्या जांभ्याच्या आंबट, ओल्या मातीला मल्टिफ्लोरा खुंट बरा. उत्तरेकडे ओडोराटा वापरतात, तो तिकडच्या खारट-चुनखडीच्या जमिनीसाठी. दोन, एडवर्ड आणि चिनी गुलाब फाट्यापासून, म्हणजे फांदीचा तुकडा रोवून केलेले मिळतील का? मिळाले तर तेच घ्या, खुंटाच्या रानफुटव्याची कटकट राहत नाही. उत्तर देताना जो अडखळतो किंवा ‘सगळे गुलाब सगळीकडे येतात’ म्हणतो, त्याच्याकडून मी घेत नाही. रवाना सोमवारीच करायला सांगा, नाहीतर रोप शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात पडून राहतं. गावात कुरियर येत नसेल तर स्पीड पोस्टने मागवा.

पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. खोडाची साल नखाने किंचित खरवडा: आत हिरवं आणि ओलसर दिसलं की जीव आहे, तपकिरी कोरडं निघालं की तो भाग मेलाय. मग डोळा भरलेली जागा बघा, तिथे गाठ घट्ट हवी. बोटाने हलवल्यावर डुगडुगली तर लगेच फोटो काढून पाठवा. मुळं उघडी आली असतील तर तीन-चार तास पाण्यात ठेवून मग लावा. पिशवीत आलेलं रोप आठवडाभर सावलीत ठेवा, तेवढ्यात त्यावरच्या कळ्या काढून टाका.

लावताना डोळ्याची गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवा. गाठ गाडायला सांगणारे परदेशी व्हिडिओ बर्फ पडतो त्या गावांसाठी आहेत. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा आणि समुद्राकडून येणारा वारा गडग्याने अडेल अशी जागा निवडा, खारा वारा कोवळं पान करपवतो. पुढच्या वर्षी सुपारीवर कोळेरोगाची फवारणी होईल तेव्हा बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) थोडं गुलाबासाठी काढून घ्या, पण ते अर्धा टक्का करा आणि कोवळी पालवी नसताना मारा, नाहीतर पानं भाजतात.

तुमची सहाची यादी मी अशी करेन: दोन एडवर्ड, एक ओल्ड ब्लश, एक म्युटॅबिलिस, विरराघवनांचा मिळेल तो एक, आणि पडवीतल्या कुंडीसाठी डबल डिलाइट.