थंडीतला ट्रॅक्टर आणि अडकणारी आरी

प्रश्न : डिसेंबरात निफाडकडे पहाटे ट्रॅक्टर लवकर सुरू होत नाही. शिवाय पीटीओवरची (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारी) गोल आरी बाभळीच्या ओंडक्यात अडकते. काय करावे?

उत्तर : आधी बॅटरी बघा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2च्या खाली असेल तर चार्ज करून घ्या. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट पूड कोमट पाण्याने धुवून ग्रीस लावा. क्लच दाबून स्टार्टर 10 सेकंदच मारा, मग मिनिटभर थांबा. स्टार्टर जोरात फिरूनही नुसता पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतेय, पण पेटत नाही. नोझल (डिझेल फवारणारा भाग) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तपासून घ्या.

आरीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. तो वाक गेला की चीर पात्याइतकीच अरुंद पडते, पाते घासून तापते. धार लावणाऱ्याकडून दातांना वाकही पुन्हा देऊन घ्या. ओंडका दोन्ही टोकांना टेकवू नका, मधली चीर मिटते. तुटणारा तुकडा मोकळा लोंबू द्या.

आणि कृपा करून, गळ्यात मफलर, अंगावर शाल घेऊन शाफ्टजवळ जाऊ नका. शाफ्टचे 540 आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे सेकंदाला 9 फेरे. शाफ्टचे कव्हर तुटले असेल तर आरी जोडूच नका.