देशोदेशीच्या राज्यघटना: सुरुवात कुठून करावी

राज्यघटनांची तुलना करायला घेतलीस, विषय छान निवडलास. फक्त एकदम दहा देश उघडून बसू नकोस. भारत, ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, एवढे सुरुवातीला पुरेत.

प्रत्येक देशाबाबत आधी एकच विचार: सरकारप्रमुखाला कोण आणि कसं काढू शकतं? 1999 मध्ये वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडलं. अमेरिकेत धोरण पटलं नाही म्हणून काँग्रेस (तिथली संसद) राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवू शकत नाही, महाभियोगच लागतो. जर्मनीत नवा चान्सलर (तिथला सरकारप्रमुख) निवडल्याशिवाय संसद जुन्याला हटवू शकत नाही. 1982 मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असेच. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. एवढं उमगलं की संसदीय (सरकार संसदेच्या विश्वासावर टिकतं) आणि अध्यक्षीय (तसं टिकत नाही) पद्धतीतला फरक पाठ करावा लागत नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- राष्ट्राध्यक्ष म्हणजे सत्ताधीश असं धरणं. जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष आपल्या राष्ट्रपतींसारखा बहुतांशी नामधारी असतो.
- ब्रिटनला घटनाच नाही म्हणणं. एकसंध दस्तऐवज नाही, पण कायदे, निवाडे आणि संकेत आहेत.
- कलमांचे आकडे घोकणं.

कॉमन लॉ (निवाड्यांतून घडत गेलेला कायदा), सिव्हिल लॉ (लिखित संहितेवर उभा कायदा) नंतर बघू. तेव्हा गोव्यापासून सुरू कर: तिथला पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेचा नियम 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलाय.