डिजिटल अर्काइव्हमध्ये नुसत्या पीडीएफच असतात का?

प्रश्न: डिजिटल अर्काइव्ह म्हणजे जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ एवढंच ना, की अजून काही मिळतं?

उत्तर: अहो, पुस्तकं ही तर नुसती सुरुवात! इंटरनेट अर्काइव्हचंच बघा, १९९६ साली ब्रूस्टर केल यांनी सुरू केलं, तिथे कधीच बंद पडलेल्या वेबसाइट आहेत, जुने गेम थेट ब्राउझरमध्ये चालतात, ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या ग्रामोफोन तबकड्या ऐकता येतात आणि त्यातली सुईची खरखर मला तरी गाण्याइतकीच आवडते. बाकी नकाशे, पत्रं, हस्तलिखितं वगैरे ठिकठिकाणी आहेतच. फिजिक्स-गणिताचे संशोधन पेपर हवे असतील तर १९९१ पासून चालू असलेलं, नावात मधेच एक्स घातलेलं आर्काइव्ह (arXiv) बघा, सगळं फुकट, फक्त तिथे टाकताना पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी, होत नाही एवढं लक्षात ठेवा.

आणि हो, सर्च करून काही सापडलं नाही म्हणजे ते तिथे नाहीच असं समजू नका, कारण जुन्या इंग्रजी छपाईत लांबडा एस अगदी एफसारखा दिसायचा, मग ओसीआर, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, 'सन'चं (sun) बिनधास्त 'फन' (fun) करून टाकतं! स्पेलिंग बदलून बघा, नाहीतर सरळ पानं चाळा.