पटीतल्या संख्या मोजताना वजाबाकी कुठून करायची

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सी-सॅटमध्ये (कल चाचणीच्या पेपरात) 80 प्रश्न आणि 120 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. तेव्हा 105, 112, 119 अशी यादी लिहीत बसू नकोस.

समज, 100 ते 500 मध्ये 7 ने भाग जाणाऱ्या संख्या किती? 500 ला 7 ने भाग, 71 येतात, बाकी सोडून दे. आता वजा काय करायचं? 100 च्या आधीच्या, म्हणजे 99 पर्यंतच्या: 14. उत्तर 57. हे ‘99’ नीट लक्षात घे, सगळी गोची इथेच होते. 7 च्या उदाहरणात 100 घेतलेस तरी 14 च येतात, म्हणून चूक कळतच नाही. 5 घेऊन बघ: 500 पर्यंत 100 पटी, त्यातून 99 पर्यंतच्या 19 गेल्या, 81. तिथे 99 ऐवजी 100 धरलास तर 80 येतात आणि 100 ही संख्या हातची जाते. मी सुरुवातीला असे कितीतरी गुण घालवलेत.

टोकाच्या दोन्ही संख्या वगळायला सांगितलं असेल तर 5 च्याच उदाहरणात 499 पर्यंतच्या 99 पटींमधून 100 पर्यंतच्या 20 काढ, 79. म्हणून प्रश्न दोनदा वाच, खरंच वाच.

‘4 किंवा 6 ने’ असं आलं, तर दोन्हींची बेरीज करून लसावि 12 च्या पटी एकदा वजा कर, 4 × 6 = 24 च्या नव्हे; 12 च्या पटी दोन्हीकडे मोजल्या जातात. 1 ते 200 साठी 50 + 33 − 16 = 67.