चौदा दिवसांची अट आणि बुटाचं टोक

"बोट बुडाली, विमा कंपनीने दावा फेटाळला, मरिनावर केस करता येईल का?" हिवाळा सरला की याच चालीची पत्रं येऊ लागतात. आजचं पत्र उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या एका वाचकाचं आहे. अठ्ठावीस फुटी जुनी शिडाची बोट त्यांनी हिवाळाभर पाँटूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, बांधून पाण्यातच ठेवली. १४ डिसेंबरला तिच्यावर शेवटची नजर टाकून ते घरच्या लग्नासाठी भारतात गेले. ३ आणि ४ जानेवारीच्या रात्री जोरदार बर्फ पडला आणि ५ तारखेच्या सकाळी मरिनातून, म्हणजे भाड्याने बोटी ठेवायच्या त्या गोदीतून, फोन आला, की बोटीची मागची बाजू पाण्याखाली गेली आहे. २० फेब्रुवारीला विमा कंपनीचं 'अंतिम उत्तर' आलं, दावा नामंजूर. त्यानंतर पाच महिने हे गृहस्थ कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल पाठवत बसले. मला पत्र लिहिलं ते २६ जुलैला.

आधी तारखांचं बघू. तुमचं 'अंतिम उत्तर' २० फेब्रुवारीचं आहे. ब्रिटनमध्ये अशा पत्रापासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे विमा-बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, तक्रार करावी लागते, आणि ही मुदत त्या पत्रातच छापलेली असते. तुम्ही मला पाठवलेल्या प्रतीत ती दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे, म्हणजे तुम्ही ते पान उलटलंच नाही. मधल्या काळात कंपनीशी कितीही ईमेल झाले तरी घड्याळ थांबत नाही. २० ऑगस्टनंतर तक्रार गेली तर ती दाखल करून घ्यायला अपवादात्मक कारण दाखवावं लागेल, आणि 'त्यांच्या उत्तराची वाट पाहत होतो' हे अपवादात्मक कारण नव्हे. तक्रारीला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही. तेव्हा हा लेख वाचून झाला की आजच बसा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या पत्रात चार पानं मरिनाने बर्फ का काढला नाही यावर खर्ची पडली आहेत. मरिनाचा करार तुम्ही जोडलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल ठाम काही लिहीत नाही. सहसा त्यात बोटीची देखरेख मालकाकडेच असते. आपल्या कामात वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी मरिनाला झटकता येत नाही, पण दुसऱ्याच्या बोटीवरचा बर्फ काढणं हे त्यांचं काम होतं का, हे करार वाचल्याशिवाय कळणार नाही. ते दार लगेच बंद करू नका, पण सगळा जोर तिथे लावू नका.

तुमचं प्रकरण पॉलिसीतल्या एका वाक्यावर उभं आहे. बोट हिवाळ्यात पाण्यात ठेवल्यास मालकाने 'किंवा त्याच्या वतीने सक्षम व्यक्तीने' दर चौदा दिवसांतून किमान एकदा तिची पाहणी करावी. कंपनीने हिशेब केला: १४ डिसेंबर ते ५ जानेवारी, बावीस दिवस, अटीचा भंग, दावा नामंजूर. हा हिशेब तुम्ही मुकाट मान्य केलात. आणि पत्राच्या शेवटी, 'तसं महत्त्वाचं नाही' असं म्हणत, लिहिलंत की शेजारच्या बोटीवरच्या निवृत्त गृहस्थांनी २७ डिसेंबरला डोकावून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! १४ ते २७ डिसेंबर तेरा दिवस, २७ डिसेंबर ते ५ जानेवारी नऊ दिवस. त्या फोटोला पाहणी म्हणता आलं तर अटीचा भंग झालेलाच नाही.

फोटो मी मोठा करून पाहिला. कॉकपिटची, म्हणजे बोटीच्या मागच्या उघड्या बसायच्या जागेची, फरशी कोरडी आहे, निचऱ्याच्या भोकाजवळ दोन वाळकी पानं आहेत, आणि खालच्या कोपऱ्यात त्या गृहस्थांच्या बुटाचं टोक दिसतंय. ते टोक फार कामाचं आहे. पाँटूनवरून मान लांब करून काढलेल्या फोटोत ते आलं नसतं, माणूस बोटीवर उभा होता. आता तीन गोष्टी लागतील. एक म्हणजे मूळ फोटो त्यांच्याच फोनमधून हवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीतून फोटोची तारीख-वेळ गळून जाते, मूळ फाइलमध्ये ती राहते. त्यांनी फोन बदलायच्या आत मिळवा. दुसरं म्हणजे त्यांचं सहीचं छोटं निवेदन: बोटीवर चढलो, काय पाहिलं, स्वतःची बोट किती वर्षं आहे. 'सक्षम' हा शब्द तिथे भागेल. तिसरं, 'त्याच्या वतीने' हे दाखवायला काहीतरी हवं. निघताना तुम्ही त्यांना तोंडी 'जरा लक्ष असू द्या' म्हटलं होतं म्हणता. तेवढ्यावरही भागू शकेल, पण फोन धुंडाळा, एखादा निरोप सापडेल. कंपनी म्हणेल की डोकावणं म्हणजे पाहणी नव्हे. ओम्बड्समन काय म्हणेल ते छातीठोक सांगता येणार नाही, पॉलिसीत 'पाहणी'ची व्याख्या दिलेली नाही एवढं तुमच्या बाजूने आहे.

समजा पाहणी मान्य झाली नाही. तरी खेळ संपत नाही. १९०६ च्या मरीन इन्शुरन्स ॲक्टखाली अशी हमीची अट मोडली की तिथपासून विमा कंपनी सुटायची, नुकसानीचा त्या अटीशी संबंध असो वा नसो. २०१५ च्या इन्शुरन्स ॲक्टने, जो १२ ऑगस्ट २०१६ पासून लागू आहे, हे बदललं. त्याचं कलम ११ थोडक्यात असं: अट मोडली तरी, ज्या परिस्थितीत नुकसान झालं त्या परिस्थितीत त्या भंगामुळे धोका वाढलाच नसता हे विमेदाराने दाखवलं, तर कंपनीला त्या भंगावर बोट ठेवून दावा फेटाळता येत नाही. घरगुती ग्राहकाच्या पॉलिसीत हे कलम करारातून काढून टाकायलाही परवानगी नाही. दाखवायची जबाबदारी मात्र तुमची.

म्हणजे प्रश्न असा उरतो: निचऱ्याची नळी कशाने तुंबली? त्या दोन पानांनी, की ३ तारखेनंतर गोठलेल्या पाण्याने? ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, ओला झाला की त्याच्या तिप्पट-चौपट. तुमच्या कॉकपिटमध्ये फूटभर ओला बर्फ साचला असेल तर मागच्या टोकाला तीन-चार धडधाकट माणसं उभी केल्यासारखं झालं. मागची बाजू दबली, एरवी पाण्याच्या वर असणारी भोकं खाली गेली, आणि निचरा बंद असल्यामुळे वितळलेलं पाणीही आतच राहिलं. निचरा बर्फाने गोठला असेल तर २८ डिसेंबरला कोणी येऊन गेलं असतं तरी फरक पडला नसता. पानांनी तुंबला असेल तर पडला असता. याचं उत्तर नळीतच आहे, आणि तुम्ही लिहिता की मरिनावाले या महिनाअखेर बोट भंगारात काढणार आहेत, तुमचीही 'हरकत नाही'! हरकत घ्या. आजच लेखी कळवा की स्वतंत्र सर्व्हेअरने पाहणी केल्याशिवाय बोट हलवू नये, आणि निचऱ्याच्या नळ्या, झडपा, तळाचं पाणी उपसणारा बिल्ज पंप व बॅटरी काढून टाकू नयेत. साठवणुकीचं भाडं चढेल, ते सोसा.

आता पानांबद्दल एक इशारा. फोटोचा तो कोपरा कापून पाठवायचा मोह होईल. करू नका. बर्फाच्या आणि बुडीच्या बाबतीतलाच एक निकाल आहे. जानेवारी २०१० मध्ये 'डीसी मर्वेस्टोन' या मालवाहू जहाजाच्या खलाशांनी लिथुएनियातल्या क्लायपेडा बंदरात आणीबाणीचा अग्निशामक पंप वापरून मालाच्या कोठारांच्या झाकणांवरचा बर्फ उडवला, पण नंतर पंपातलं पाणी काढलं नाही आणि समुद्राकडची झडप उघडीच ठेवली. आतलं पाणी गोठून फुगलं, पंपाला तडा गेला, आणि पुढे इंजिनरूम भरली. नुकसान सुमारे ३२ लाख युरो. दावा मुळात खरा होता, पण मालकाच्या माणसाने तो लवकर पुढे सरकावा म्हणून इशाऱ्याच्या भोंग्याबद्दल एक गोष्ट रचून सांगितली. तिची गरजच नव्हती. त्या थापेपायी दोन कोर्टांनी अख्खा दावा बाद केला. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने जुलै २०१६ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तो परत उभा केला, कारण थापेने दाव्याच्या खरेपणात फरक पडत नव्हता. साडेसहा वर्षं! तुमच्या बाबतीत पानं हा तर मूळ मुद्दाच आहे, ती लपवणं म्हणजे नुसती जास्तीची थाप ठरणार नाही. अख्खा फोटो पाठवा.

याच खटल्याचा आणखी एक उपयोग. कंपनीने 'ही साधी झीज आहे' असंही एका ओळीत लिहिलं आहे. तिथे खलाशांचा हलगर्जीपणा असूनही अपघाताने आत शिरलेलं पाणी ही समुद्री जोखीमच धरली गेली. तुमच्या पॉलिसीत वाजवी काळजीचं वेगळं कलम असेल तर चित्र थोडं बदलेल, म्हणून पूर्ण पॉलिसी पाठवा, फक्त तपशिलाचं (शेड्यूलचं) पान नको.

बोट वर काढायला क्रेनचे जे पैसे भरलेत त्यांच्या पावत्या तक्रारीला जोडा. नुकसान वाढू नये म्हणून केलेला खर्च अनेक पॉलिसी वेगळा देतात, तुमची देते का ते पाहून सांगतो. ओम्बड्समनचा निर्णय तुम्ही स्वीकारलात तर तो कंपनीवर बांधील होतो, आणि तुमच्यावरही. नाही स्वीकारलात तर कोर्ट आहेच, सहा वर्षांची मुदत. ती बोट बुडाल्याच्या दिवसापासून मोजतात, दावा फेटाळल्याच्या दिवसापासून नव्हे. पण त्या वाटेला तुम्हाला मी स्वतःहून धाडणार नाही.

मरिनाला आजच्या तारखेचा ईमेल जाऊ द्या, त्याची प्रत मला. शेजाऱ्यांना ईमेल नको, फोन करा.